सेलमधली बेस गिटार सदोष निघाली: परत करायची की ठेवायची?

"भाऊ, डिस्काउंटचा माल वापस होत नाही." हे ऐकून बरेच जण गप्प बसतात. बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. भाव उतरवला म्हणून दोष तुमच्या गळ्यात पडत नाही. दोष आधीच दाखवून, तसं सांगून स्वस्तात दिली असेल, तर मात्र त्याच दोषावरून भांडता येणार नाही.

पहिलं काम, तो खरंच दोष आहे का हे पाहणं. आपल्याकडे विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पार्सल तापलेल्या बंद ट्रकमधून येतं. लाकूड आक्रसतं, नेक (म्हणजे गिटारचा लांब दांडा) किंचित वाकते, तारा फ्रेटला (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना) घासून खरखरतात. ही बहुतेक वेळा सेटिंगची गोष्ट असते. म्हणून गिटार एक रात्र घरात सावलीला ठेवा. मग फोनवरच्या ट्यूनर अॅपने जाड तारेपासून ई, ए, डी, जी असं जुळवा.

आता जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. एकट्याला जमत नसेल तर घरातल्या कुणाचं बोट घ्या. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं की नेक ठीक. फट अजिबात नसेल किंवा खूप असेल, तर ट्रस रॉडच्या (नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईच्या) पाव फेऱ्यानेही काम होऊ शकतं. पण पाना लगेच हातात घेऊ नका. आधी विक्रेत्याला लेखी कळवा, नाहीतर "तुम्हीच बिघडवली" हे ऐकावं लागेल.

खरखर एकाच जागी येत असेल तर एटीएम कार्डाची कड लगतच्या तीन फ्रेटवर उभी टेकवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. असे तीन-चार निघाले तर माल परत. बॉडीकडून नेकच्या रेषेत नजर लावल्यावर ती पिळल्यासारखी दिसली, सांध्याला चीर गेलेली असली, तरीही परतच. पिळलेली नेक आपल्या भागात सरळ करून देणारा कारागीर शोधत फिराल, आणि त्यात वाचवलेले पैसे जातील.

अॅम्प्लिफायरमधून घूं असा आवाज येतो म्हणून मात्र घाईने गिटारला दोष देऊ नका. गावातल्या पुष्कळ घरांत अर्थिंगच धड नसतं. बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरला किंवा दुसऱ्याच्या घरी लावून पाहा. तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. तो धोका अॅम्प्लिफायरचा किंवा घरातल्या वायरिंगचा असतो आणि जिवावर बेतू शकतो. अॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेल्या) गिटारचा आवाज फाटत असेल तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. जॅक ढिला असेल किंवा व्हॉल्यूमचं बटण खरखरत असेल, तर तालुक्याचा मिक्सर-अॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा थोडक्यात काम करून देतो. अशा वेळी गिटार ठेवून विक्रेत्याकडे थोडे पैसे परत मागणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

हिशोब करताना एमआरपी विसरा. तीच गिटार इतरत्र आज कितीला मिळते तो भाव धरा. त्यातून दुरुस्तीचा आणि नागपूर-अमरावतीच्या फेरीचा खर्च वजा करून काय उरतं ते तुम्ही मोजलेल्या पैशांशी ताडून पाहा. १४ एप्रिलचा भीमगीतांचा कार्यक्रम तोंडावर आहे म्हणून सदोष गिटार ठेवून घेऊ नका. कार्यक्रमापुरती एखाद्या ऑर्केस्ट्रातल्या ओळखीच्या दादाकडून मागून आणा, परतीची मुदत हातची जाऊ देऊ नका.

परत करायचं ठरलं तर बिल, खोक्यावरचं लेबल आणि दोषाचा आवाज ऐकू येईल असा व्हिडिओ जपून ठेवा. ऑनलाइन घेतली असेल तर तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात निवारण करणं बंधनकारक आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग: तक्रार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

गावात परतीचं पार्सल न्यायला कुरिअरवाला अनेकदा येत नाही. पाठवण्याचा खर्च कोण देणार हे विक्रेत्याकडून आधी लिहून घ्या. तारा थोड्या सैल करा, मूळ फोमसकट खोक्यात भरा आणि पावतीचा फोटो त्याच दिवशी विक्रेत्याला पाठवा.