इंग्लंडमध्ये फार्मचे कागद बघताय? वेस्ट एक्झम्प्शनच्या फीबाबत या चुका टाळा

फुकट होतं तेव्हाची सवय सगळ्यात आधी सोडा. वेस्ट एक्झम्प्शन म्हणजे कचऱ्याची ठराविक कामं पूर्ण परमिट न काढता, नुसती नोंदणी करून करायची सूट. वर्षानुवर्षं शेतीची ही रजिस्ट्रेशन्स फुकटात व्हायची, त्यामुळे फॉर्म भरताना यू1 (बांधकामात कचरा वापरणं), यू10 (शेताच्या फायद्यासाठी कचरा पसरणं), डी7 (उघड्यावर जाळणं), टी23 (कंपोस्ट करणं), दिसेल त्या कोडवर टिक, लागलं तर असू दे. 2023 च्या शेवटी एन्व्हायर्नमेंट एजन्सीने (इंग्लंडमधली पर्यावरणाची सरकारी यंत्रणा) फी लावायचा प्रस्ताव आणला आणि 'असू दे' वाले कोड खिशाला जड होणार हे दिसायला लागलं. दर किती ते फॉर्म भरायच्या दिवशी सरकारी साईटवरच बघा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे आकडे धरून बसू नका.

शेणखताचंच बघा. आपल्याच गोठ्यातलं शेण, स्लरी (पातळ शेण) आपल्याच रानात खत म्हणून टाकायला यू10 लागतच नाही, कारण असं वापरलं तर ते कायद्याने वेस्ट नाही (खत टाकायचे बाकीचे नियम आहेत, ते वेगळे). तरी लोक तो कोड घेऊन ठेवतात!

उलटी चूक जास्त महागात पडते. पैसे वाचवायचे म्हणून डी7 काढून टाकायचा आणि कुंपणाची झुडपं छाटली की नेहमीसारखी पेटवायची, म्हणजे विनापरवाना जाळणं झालं, सरळ गुन्हा. आणि डी7 असला तरी सगळं जाळता येतं असं नाही बरं का. झाडपाला आणि कच्चं, रंग-केमिकल न लावलेलं लाकूड, तेही जिथं निघालं तिथंच, 24 तासांत 10 टनांपर्यंत. पण होतं काय, ढीग पेटला की कोणीतरी बेलरची (गवताचे गठ्ठे बांधायच्या यंत्राची) सुतळी टाकतं, कोणी सायलेजचं (मुरघासाचं) प्लास्टिक, कोणी खताच्या रिकाम्या गोण्या, आणि काळा धूर शेजारच्या गावातून दिसतो. शेतातलं प्लास्टिक जाळणं 2006 पासून बंद आहे.

यू1 वर रस्त्यासाठी विटा-काँक्रीटचा चुरा घेताना ट्रक रिकामा व्हायच्या आत बघून घ्या, प्लास्टरबोर्ड (भिंतीचा जिप्सम बोर्ड) निघाला तर परत पाठवा. ट्रान्सफर नोट (कचरा कोणाकडून कोणाकडे गेला त्याचा कागद) मागा आणि 2 वर्षं जपून ठेवा.

रजिस्ट्रेशन 3 वर्षांनी संपतं. रिन्यूअलची आठवण रजिस्टर केलेल्या ईमेलवर जाते, आणि तो ईमेल बऱ्याचदा नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरचा असतो. तो आजच बदलून घ्या.