थ्रॉटल मोठा केला, आता गाडी सिग्नलला बंद पडते?

मागच्या मे महिन्यात, दुपारी तीनच्या उन्हात, तिघांनी धक्का मारत एक छोटा मालट्रक नागपूरजवळ वाडीला माझ्या गॅरेजसमोर आणून उभा केला. पेट्रोल-सीएनजी, मागे कळमन्याच्या बाजारातून भरलेल्या आंब्याच्या पेट्या. ड्रायव्हर म्हणे, "भाऊ, सिग्नल आला की बंद पडून राहिली. चालू केली की रेस आपोआप वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते."

"अलीकडे काय काम केलं?"

"काहीच नाही ना भाऊ."

सीट उचलून पाहिलं तर सगळ्या इंजिनावर बोटभर धूळ आणि मधोमध थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा किती जावी ते ठरवणारी पत्ती जिच्यात असते ती, मात्र चकचकीत. मी नुसतं बोट दाखवलं. मग त्यानं कबूल केलं. सीएनजीवर चढाला पिकअप मिळत नाही म्हणून भाच्यानं मोबाइलवर काहीतरी पाहून लेथवर ४८ मिलिमीटरचं भोक ५० करून आणलं होतं.

अशा गाड्या आता महिन्याला एखादी तरी येते. त्या मी कशा पाहतो ते सांगतो. हे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचं आहे. डिझेलमध्ये ताकद डिझेलच्या मापावर ठरते. नव्या बीएस-६ डिझेलमध्ये थ्रॉटलसारखी पत्ती असते, पण ती ईजीआरच्या, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात घेण्याच्या, आणि सायलेन्सर गरम ठेवण्याच्या कामाची. ती मोठी करून हाती काही लागत नाही, उगाच तिच्या वाटेला जाऊ नका.

आधी हिशोब पाहा. ४८ चं ५० केलं की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. पॉवर तेवढी वाढत नाही, कारण छोट्या इंजिनाला लागणारी हवा जुन्या भोकातूनही बहुतेक मिळतच होती. शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. तीस डिग्रीची हवा पंचेचाळीसची झाली की पाच टक्के विरळ होते. फरक कळतो तो आयडलिंगला, म्हणजे पॅडलवरून पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना. आयडलिंगवर इंजिन पत्तीच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून श्वास घेतं आणि लेथवाल्यानं हात घातला तो नेमका त्या फटीला. पॅडल थोडं दाबलं तरी हवा जास्त जाते, म्हणून पहिल्या गिअरला हलका झटका बसणं हा बिघाड नाही, मोठ्या भोकाचा स्वभाव आहे. बंद पडणं, रेस वरखाली होणं, चेक लाइट लागणं, हे मात्र बिघाड.

सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढायची आणि थ्रॉटल बॉडी खोलून हातात घ्यायची. बरेच जण इथं थेट स्कॅनर लावतात. मी लावत नाही. डोळ्यांना दिसणारी चूक स्कॅनरला का विचारायची?

बॉडी उन्हाकडे धरा आणि पत्तीच्या कडेनं उजेड पाहा. केबलवाली असेल तर उजेड जेमतेम दिसला पाहिजे. इलेक्ट्रॉनिक असेल तर करंट नसताना पत्ती स्प्रिंगवर थोडी उघडीच राहते, त्यामुळे उजेड दिसणारच. पण तो दोन्ही बाजूंना सारखा हवा. त्या आंबेवाल्या गाडीत डाव्या अंगाला खाली चवथीच्या चंद्राची कोर दिसत होती, उजवीकडे पत्ती भिंतीला घासत होती. कारण साधं आहे. ही पत्ती दिसते गोल, पण पूर्ण गोल नसते. ती तिरकी बसते, म्हणून किंचित लांबट असते आणि तिची कड तिरप्या कापाची असते. लेथवाल्यानं गोल चकती कापून दिली की ती कधीच नीट मिटत नाही. काही बॉड्यांना आतून काळपट लेप असतो, पत्ती मिटल्यावर हवा अडवायला. भोक मोठं करताना तोही जातो.

मग पत्तीचे दोन स्क्रू पाहा. ही गोष्ट मी हात जोडून सांगून राहिलो. कंपनीत हे स्क्रू कसून त्यांची मागची टोकं ठोकून पसरवलेली असतात, सैल होऊ नयेत म्हणून. पत्ती बदलताना ती टोकं घासून टाकतात आणि नवे स्क्रू नुसतेच कसतात. या गाडीत एक स्क्रू अर्धा फेरा सैल होता. तो सुटला असता तर सरळ इंटेकमधून व्हॉल्व्हवर, तिथून पिस्टनवर. आंब्याच्या अख्ख्या मोसमाची कमाई हेड आणि पिस्टनमध्ये गेली असती. स्क्रूला लॉकिंग लिक्विड लावा आणि टोक पुन्हा पसरवा. दोन्ही करा, एक नाही.

पत्ती हातानं हलवून पाहायची तर बॉडी गाडीबाहेर असताना, अलगद. चाबी चालू असताना बोट घालू नका. मी स्वतः एकदा घाईत चाबी चालू ठेवून पत्ती स्क्रूड्रायव्हरनं ढकलली होती. आत मोटरचं प्लास्टिकचं गिअर असतं, त्याचा दात मोडल्याचा कट्ट आवाज अजून कानात आहे. नवी बॉडी माझ्या खिशातून बसवून द्यावी लागली.

आता पॅकिंग. भोक मोठं झालं आणि पॅकिंग जुन्या मापाचं राहिलं तर त्याची कड हवेच्या वाटेत येते. मग कोणीतरी सिलिकॉन थापतं आणि त्याचा गोळा आतल्या बाजूला लोंबतो. सिलिकॉन लावूच नका, योग्य मापाचं पॅकिंग घ्या. नंतर इंजिनावरून येणारा, आतली वाफ परत ओढणारा पीसीव्हीचा पाइप, टाकीच्या वाफेचा बारीक पाइप आणि ब्रेक बूस्टरचा पाइप, तिन्ही जागेवर आहेत का पाहा. बूस्टरचा पाइप चिरला तर आयडलिंग बिघडतं आणि ब्रेकही कडक लागतो. भरलेल्या गाडीत ही फार वाईट जोडी आहे.

हवा कुठून घेते ते शोधायला पुष्कळ जण गरम इंजिनावर कार्ब क्लीनर, म्हणजे पेट घेणारा स्प्रे, मारतात. मे महिन्यात, सीएनजीची टाकी असलेल्या गाडीवर? बाप्पा, नको. साध्या पाण्याची स्प्रे बाटली घ्या. चालू इंजिनावर पॅकिंगच्या कडेला फवारा द्या, वायरींचे कपलर आणि सायलेन्सर वाचवून. गळती असेल तिथं पाणी क्षणभर फट बुजवतं आणि इंजिनाचा आवाज बदलतो. कान देऊन ऐकावं लागतं, एवढंच.

एवढं झाल्यावर स्कॅनर. मोबाइलला जोडायचा छोटाही चालतो. चाबी चालू, इंजिन बंद ठेवून इंटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर पाहा. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे, त्यामुळे आकडा ९७ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. इंजिन गरम करून आयडलिंगवर तो साधारण ३० ते ४० मध्ये येतो. पन्नासच्या वर रेंगाळला तर आत हवा शिरतेय किंवा इंजिनच थकलंय. पुढं फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते. आयडलिंगला अधिक वीस आणि अडीच हजार आरपीएमला जवळपास शून्य असेल तर गळती, पुन्हा पॅकिंगकडे. रेस वाढवल्यावर ट्रिम वाढत असेल तर दोष थ्रॉटलचा नाही, पेट्रोलचा फिल्टर किंवा पंप पाहा. कोडमध्ये पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), पी०५०७ म्हणजे आयडलिंग जास्त, पी२१३५ म्हणजे थ्रॉटलच्या दोन सेन्सरचा मेळ नाही. पी२१३५ आला तर आधी कपलरच्या पिना पाहा, लेथवर नेताना वाकलेल्या असतात.

हे सगळं पेट्रोलवर ठेवून करा. सीएनजीचं किट पेट्रोलच्या हिशोबावर आपला हिशोब मांडतं. पेट्रोलवर मिश्रण पातळ असेल तर सीएनजीवर ते जास्त जाणवतं, इंटेकमध्ये फटाका फुटतो आणि एअर फिल्टरचा डबा चिरतो. त्या डब्याजागी कोणी उघडा जाळीचा फिल्टर बसवला असेल तर तो काढा. सीटखालची तापलेली हवा आणि कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख, दोन्ही त्यातून आत जातात.

शेवटी गाडीला नवं आयडलिंग शिकवायचं. प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी, स्कॅनरमध्ये थ्रॉटल रीसेट असेल तर तेच वापरा. नसेल तर मी असं करतो. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर, इंजिन ऐंशी डिग्रीला, दिवे-पंखा बंद. चाबी अर्धा मिनिट चालू, पत्तीची गुर्र ऐकू येते. दहा सेकंद बंद. मग पॅडलला पाय न लावता स्टार्ट आणि दहा मिनिटं तशीच सोडायची. नंतर दिवे-पंखा लावून पाच मिनिटं. कोड पुसल्याशिवाय आणि बॅटरी उतरलेली असताना हे करू नका, फुकट जातं.

त्या गाडीची चकती मी दुरुस्त केली नाही. भंगारातून जुन्या मापाची बॉडी आणली, नवं पॅकिंग टाकलं, पीसीव्हीचा पाइप बदलला. आयडलिंग आठशेवर बसलं. माल भरलेला ठेवूनच अमरावती रोडला फिरवली. रिकाम्या गाडीचं आयडलिंग पाहून समाधान मानू नये, भरलेल्या गाडीला सिग्नलला तीनदा थांबवून पाहायचं. पिकअप? "पहिल्यासारखीच आहे," ड्रायव्हर म्हणाला, थोडा नाराज होऊन. स्पार्क प्लग चार वर्षांचे निघाले. ते बदलल्यावर चढाला आपसूक ओढायला लागली.

पन्नासची ती बॉडी भाचा घेऊन गेला. मी स्क्रू दोन्ही काढून ठेवलेत, परत बसवायची असेल तर आधी माझ्याकडं यावं लागेल.