रिशेपने आकडे हलत नाहीत: टेन्सरचा आकार बदलायची पद्धत

टेन्सरचा (एक वा अनेक मितींत मांडलेल्या आकड्यांचा) आकार बदलायचा म्हटलं की बहुतेकजण फक्त गुणाकार जुळतो का ते बघतात. २ गुणिले ३ म्हणजे ६, ३ गुणिले २ म्हणजेही ६, झालं काम. पायथनमध्ये या सवयीवर बरेच दिवस निभावून जातं. सी भाषेतल्या, मेमरीला थेट हात घालणाऱ्या लायब्ररीत उतरलं की मात्र हीच सवय गळ्याशी येते. तिथे गुणाकार जुळला आणि अर्थ चुकला, तर कुणी ओरडून सांगत नाही. भाषेचं मॉडेल चालतं, शब्द बाहेर पडतात आणि ते सगळे निरर्थक असतात.

इथली उदाहरणं जीजीएमएलवर बेतलेली आहेत. जॉर्जी गर्गानोव्ह यांनी सुरू केलेली ही लायब्ररी २०२३ साली आलेल्या लामा-सीपीपी या भाषा-मॉडेल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या पोटात आहे. सुरुवातीचा भाग मात्र नमपाय, पायटॉर्च या पायथनच्या लायब्रऱ्या किंवा दुसरं काहीही वापरणाऱ्यांनाही तसाच लागू पडतो.

पहिली पायरी: मेमरीतली ओळ कागदावर काढा

टेन्सर दोन मितींचा असो वा चार मितींचा, मेमरीत तो एका लांब ओळीतच उभा असतो. आकार म्हणजे त्या ओळीच्या शेजारी खडूने मारलेल्या रेघा. कुठे ओळ संपली म्हणायची, कुठे पान संपलं म्हणायचं, एवढंच त्या रेघा सांगतात. रिशेप (आकार बदलायची क्रिया) या रेघा पुसून नव्या जागी मारतो. ओळीतला एकही आकडा जागचा हलत नाही.

सहा आकडे घ्या: ० ते ५. दोन ओळी, तीन रकाने अशी मांडणी केली तर पहिली ओळ ०, १, २ आणि दुसरी ३, ४, ५. आता हेच ३ गुणिले २ असं रिशेप करा. ओळी होतील ०, १ मग २, ३ मग ४, ५. याऐवजी ट्रान्सपोज (ओळी आणि रकान्यांची अदलाबदल) केलं तर ०, ३ मग १, ४ मग २, ५. दोन्हींचा आकार ३ गुणिले २ च आहे, आतला मजकूर मात्र वेगळा. या विषयातले निम्मे घोळ या एका फरकातून निघतात, तेव्हा हे उदाहरण एकदा स्वतःच्या हाताने लिहून काढा. वाचून पटतं, पण लक्षात राहत नाही.

दुसरी पायरी: स्ट्राइड मोजा

स्ट्राइड म्हणजे ढांग. एखाद्या मितीत एक घर पुढे जायचं तर मेमरीतल्या ओळीत किती घरं ओलांडावी लागतात, तो आकडा. २ गुणिले ३ गुणिले ४ असा २४ आकड्यांचा टेन्सर घ्या. सर्वात आतल्या मितीत ढांग १, मधल्या मितीत ४, बाहेरच्या मितीत १२. म्हणून १, ०, २ या पत्त्यावरचा आकडा ओळीत १२ अधिक २, म्हणजे चौदाव्या क्रमांकावर. मोजणी अर्थातच शून्यापासून.

पायटॉर्च ढांग घरांमध्ये सांगतो, नमपाय आणि जीजीएमएल बाइटमध्ये. ३२ बिटांच्या दशांश संख्येला ४ बाइट लागतात, त्यामुळे तिथे याच ढांगा ४, १६ आणि ४८ अशा दिसतील. दोन लायब्रऱ्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करताना हे विसरलात तर नसलेली चूक शोधत बसाल.

तिसरी पायरी: मिती कोणत्या टोकाकडून मोजतात ते पाहा

पायथनमधून येणारा माणूस इथे हमखास अडखळतो. नमपाय आणि पायटॉर्चमध्ये सर्वात आतली मिती शेवटी लिहितात. जीजीएमएलमध्ये ती सगळ्यात आधी येते. प्रत्येक टेन्सरकडे ‘एन-ई’ नावाची चार आकड्यांची यादी असते, तिच्यात मितींची लांबी. आणि ‘एन-बी’ नावाची दुसरी, तिच्यात बाइटमधल्या ढांगा. एन-ई चा शून्यावा घटक म्हणजे सर्वात आतली मिती. म्हणजे वरचा २, ३, ४ हा टेन्सर इथे ४, ३, २ असा लिहिला जातो. मेमरी तीच, वाचायची दिशा उलटी. मिती जास्तीत जास्त चार. कमी असतील तर उरलेल्या जागी १ असतो.

माझी पद्धत साधी आहे: कागदावर दोन्ही क्रम एकाखाली एक लिहितो आणि प्रत्येक मितीला नाव देतो. नुसता १२ हा आकडा काही बोलत नाही. ‘हेड’ (अटेन्शनमधला एक भाग, पुढे येईलच) असं लिहिलं की तो बोलायला लागतो.

चौथी पायरी: रेघा बदलायच्या की ओळ?

रिशेप लिहिण्याआधी स्वतःला विचारा: शेजारशेजारचे आकडे शेजारीच राहणार आहेत ना? एक मिती फोडून दोन करायच्या असतील, किंवा लगतच्या दोन मिती जोडून एक करायची असेल, तर रिशेप पुरे. दोन मितींची अदलाबदल करायची असेल तर रिशेपचा काही उपयोग नाही, तिथे पर्म्यूट (मितींचा क्रम बदलणारं फंक्शन) हवा.

हे अटेन्शनमध्ये (मॉडेलच्या ज्या भागात शब्द एकमेकांशी ताडून बघितले जातात तिथे) सर्वात चांगलं दिसतं, म्हणून इथे जरा थांबू. जीपीटी-२ च्या सर्वात लहान मॉडेलमध्ये प्रत्येक टोकनसाठी (शब्द किंवा शब्दाचा तुकडा) ७६८ आकडे असतात आणि हेड, म्हणजे समांतर चालणारे अटेन्शनचे भाग, १२, म्हणजे प्रत्येक हेडच्या वाट्याला ६४. दहा टोकन असतील तर जीजीएमएलमध्ये टेन्सर ७६८, १० असा. आपल्याला हवाय ६४, १०, १२: प्रत्येक हेडसाठी दहा टोकन आणि प्रत्येक टोकनचे ६४ आकडे.

गुणाकार जुळतो म्हणून कुणी थेट ६४, १०, १२ असं रिशेप केलं तर? लायब्ररी हूं की चूं करणार नाही. पण मेमरीत पहिले ७६८ आकडे एकट्या पहिल्या टोकनचे आहेत. त्यामुळे पहिल्या हेडला दहा टोकन म्हणून जे मिळतील ते प्रत्यक्षात पहिल्याच टोकनचे दहा हेड असतील. दुसऱ्या हेडला उरलेले दोन आणि पुढच्या टोकनचे आठ मिळतील. मी एकदा नेमका हाच घोळ घातला होता आणि दोन दिवस वजनांच्या (मॉडेलने शिकलेल्या आकड्यांच्या) फाइलवर संशय घेत बसलो होतो.

योग्य मार्ग दोन टप्प्यांचा. आधी रिशेप करून ६४, १२, १०. इथे फक्त ७६८ ही मिती फुटली, शेजार मोडला नाही. मग पर्म्यूटला ०, २, १, ३ देऊन ६४, १०, १२. बाइटमधल्या ढांगा आधी ४, २५६, ३०७२ होत्या, त्या आता ४, ३०७२, २५६ झाल्या. गंमत म्हणजे पर्म्यूटनेही आकडे हलवले नाहीत, त्याने ढांगांची अदलाबदल केली. ६४ सर्वात आत राहणं गरजेचं आहे, कारण जीजीएमएलचा मॅट्रिक्स गुणाकार दोन्ही टेन्सरांची सर्वात आतली मिती एकमेकींशी जुळवतो.

पर्म्यूटला दिलेल्या आकड्यांचा अर्थही इथे वेगळा. पायटॉर्चमध्ये यादीतला पहिला आकडा सांगतो की नव्या पहिल्या जागी जुनी कोणती मिती आणायची. जीजीएमएलमध्ये तो सांगतो की जुनी पहिली मिती नव्या कोणत्या जागी न्यायची. फक्त दोन मितींची अदलाबदल असेल तर दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून फरक लपून राहतो. तीन मिती फिरल्या की उघडा पडतो: ६४, १२, १० वर १, २, ०, ३ दिलं तर जीजीएमएलमध्ये १०, ६४, १२ मिळेल. पायटॉर्चच्या सवयीने वाचलंत तर १२, १०, ६४ ची वाट बघत बसाल.

पाचवी पायरी: टेन्सर सलग आहे का ते तपासा

पर्म्यूटनंतर ढांगा उलटसुलट होतात. अशा टेन्सरला सलग म्हणता येत नाही, आणि जीजीएमएलचा रिशेप फक्त सलग टेन्सरच स्वीकारतो. नाहीतर प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पडतो. हे बरंच आहे, कारण ही चूक निदान दिसते तरी. नमपाय अशा वेळी गुपचूप नवी प्रत बनवून देतो. पायटॉर्चमध्ये रिशेप तेच करतो, तर व्ह्यू (प्रत न करता आकार बदलणारं फंक्शन) चूक दाखवून थांबतो.

लगतच्या दोन मिती प्रत न करता जोडता येतील का, याचा नियम सोपा आहे: बाहेरच्या मितीची ढांग ही आतल्या मितीची ढांग गुणिले तिची लांबी, एवढी असली पाहिजे. २, ३, ४ च्या टेन्सरमध्ये बाहेरची ढांग १२, मधली ४ आणि तिची लांबी ३. जुळलं. पायटॉर्चचा व्ह्यू या नियमाने चालतो, म्हणून पर्म्यूट केलेल्या टेन्सरवरही तो कधीकधी चालून जातो. जीजीएमएल एवढ्या खोलात जात नाही, त्याला सबंध टेन्सर सलग हवा.

सलग नसेल तर कंट (टेन्सर सलग करणारं फंक्शन) वापरा. हा मात्र खरोखर आकडे हलवतो आणि नवी प्रत बनवतो. ७६८ गुणिले १०२४ अशा टेन्सरची प्रत म्हणजे सुमारे ३ मेगाबाइट, तीही मॉडेलच्या प्रत्येक थरात. त्यामुळे भीतीपोटी प्रत्येक ओळीनंतर कंट टाकू नका. अटेन्शनच्या शेवटी हेड पुन्हा एकत्र करताना तो लागतोच: पर्म्यूटने ६४, १२, १० वर परत या, मग कंट, मग ७६८, १० असं रिशेप. शेवटच्या दोन पायऱ्या एकत्र करणारं कंट-टूडी नावाचं फंक्शनही आहे.

तपासणी

टेन्सरमध्ये खरी वजनं भरू नका. ०, १, २ असे क्रमाने आकडे भरा, आकार लहान ठेवा, आणि प्रत्येक मितीची लांबी वेगळी घ्या. ४ गुणिले ४ वर केलेली चाचणी मितींची अदलाबदल पकडत नाही.

जीजीएमएलमध्ये फंक्शन बोलावल्यावर हिशेब लगेच होत नाही, आधी फक्त आलेख (करायच्या क्रियांचा नकाशा) उभा राहतो. एन-ई आणि एन-बी तेव्हाच छापून बघता येतात. आतले आकडे मात्र आलेख चालवल्यानंतरच बघा, त्याआधी कंटच्या प्रतीत कचरा असू शकतो.

आणि टेन्सर क्वांटाइझ केलेला (आकडे कमी बिटांत बसवलेला) असेल तर एक बंधन वाढतं. क्यू-४-० प्रकारात ३२ आकड्यांचा एक गठ्ठा १८ बाइटमध्ये बसतो: १६ बाइट आकड्यांचे, २ बाइट मोजपट्टीचे (गठ्ठ्याच्या सामायिक गुणकाचे). गठ्ठा मधून तोडता येत नाही, म्हणून सर्वात आतली मिती ३२ च्या पटीतच हवी. ६४ चालेल, ८० चालणार नाही.