चाप ओढला, पण बार उडालाच नाही? या चुका टाळा

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलचा चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ झालं की हात आपसूक बोल्टकडे, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या मुठीच्या दांड्याकडे जातो. सगळ्यात धोक्याची चूक हीच. प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठोक्याने पेटणारी टोपी, कधीकधी उशिरा पेटतो, आणि तेवढ्यात बोल्ट उघडलेला असला तर काडतूस तोंडासमोर फुटतं. नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान 30 सेकंद थांबा, मगच चेहरा बाजूला घेऊन बोल्ट उघडा. दबका, फुसका आवाज आला असेल तर नळीत गोळी अडकलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय दुसरं काडतूस भरू नका.

बाहेर काढलेल्या काडतुसाचं बूड नीट पाहा. अर्धं निदान तिथेच होतं. प्रायमरवर खड्डाच नसेल तर त्यावर ठोका मारणारी फायरिंग पिन तुटली किंवा अडकली असेल. खड्डा नेहमीसारखा खोल असेल तर संशय काडतुसावर.

खड्डा उथळ असेल तर मात्र आधी बोल्टच्या पोटात बघा. बाहेरून मारलेलं तेल आत झिरपतं, धूळ धरतं, थंडीत घट्ट होतं आणि स्प्रिंगचा जोर खातं. त्यावर आणखी तेल मारणं म्हणजे आजारच वाढवणं. रायफल रिकामी करून, माहितीपुस्तिकेप्रमाणे बोल्ट खोला, सॉल्व्हंटने धुवा, कोरडा पुसा. परत तेल लावायचंच तर बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच.

उथळ खड्ड्याचं दुसरं कारण सहज नजरेतून सुटतं. बोल्टची मूठ पूर्ण खाली बसलेली नसते. मग पिनचा जोर ती मूठ खाली ढकलण्यातच खर्च होतो. ‘टक्’ होताना मूठ किंचित खाली सरकली, तर चोर सापडला.

घरी काडतुसं भरणाऱ्यांनी प्रायमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत बसलाय का ते बोट फिरवून पाहावं. वर राहिला असेल तर पहिला ठोका त्याला आत बसवण्यातच जातो. एकच काडतूस दुसऱ्या ठोक्याला पेटलं, तर बहुधा हेच झालेलं असतं.

एवढं न करताच काही जण जास्त ताकदीची स्प्रिंग मागवतात किंवा पिनला कानस लावतात. पिन टोकदार झाली तर प्रायमरला भोक पडून गरम वायू मागे येतो. चाप हलका करून ठोका जोरात बसेल, हीही भाबडी समजूत. उलट बोल्ट बंद करतानाच पिन सुटू शकते. तसं एकदा जरी झालं तरी बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने तपासेपर्यंत त्या रायफलमध्ये काडतूस घालू नका.