गोल्फच्या रेझ्युमेत स्कोअरसोबत कोर्सही लिहा

दहावीनंतरच्या जुलै महिन्यात मी अमेरिकेतल्या चाळीस महाविद्यालयांच्या गोल्फ प्रशिक्षकांना, त्यांच्या संघात निवड व्हावी म्हणून, रेझ्युमे पाठवला आणि त्यात ‘सरासरी ७४’ एवढेच ठळक अक्षरांत लिहिले, म्हणजे एका फेरीत लागणारे सरासरी फटके; ते जितके कमी तितके चांगले. एकाच प्रशिक्षकांचे उत्तर आले: हा ७४ कोणत्या स्पर्धेतला, किती यार्डांवरचा? पुण्यातल्या माझ्या नेहमीच्या कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, मैत्रिणींसोबत खेळलेल्या फेऱ्याही मी त्या सरासरीत धरल्या होत्या, त्यामुळे मला उत्तर देता आले नाही. त्या ईमेलची आठवण आजही बोचते.

नुसत्या स्कोअरवरून खेळाडू कळत नाही. प्रत्येक टीला, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात त्या जागांच्या संचाला, कोर्स रेटिंग असते, म्हणजे स्क्रॅच (शून्य हँडिकॅपच्या, अतिशय कुशल) खेळाडूकडून तिथे अपेक्षित असलेला स्कोअर. रेटिंग ६९ असलेल्या आखूड कोर्सवर ७४ फटके म्हणजे रेटिंगपेक्षा पाच जास्त, रेटिंग ७४.५ असलेल्या कोर्सवर ७७ म्हणजे फक्त अडीच जास्त. माझी ७७ ची फेरी खरे तर अधिक चांगली होती आणि तीच मी लाजून वगळली होती. मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावे: एकाच टीचे स्त्रियांसाठीचे आणि पुरुषांसाठीचे रेटिंग वेगळे असते, म्हणून स्त्रियांचेच लिहावे.

तेव्हा स्पर्धेचे नाव, तारीख, कोर्स, यार्डांतली लांबी, पार (कोर्ससाठी ठरलेले फटके), रेटिंग, प्रत्येक फेरीचा स्कोअर, एकूण किती खेळाडूंमध्ये कितवा क्रमांक आला ते आणि अधिकृत निकालाचा दुवा, एवढे सगळे एका ओळीत मांडावे. इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धा आधी लिहाव्यात आणि जागतिक हौशी क्रमवारीत स्थान असल्यास तेही द्यावे. वाईट फेऱ्या लपवू नका. दुवा उघडला की त्या दिसतातच.

नववीत पाठवलेल्या ईमेलांना उत्तर आले नाही म्हणून खचू नका. दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी एनसीएए या अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या डिव्हिजन एक या सर्वोच्च गटातल्या प्रशिक्षकांना खेळाडूंच्या भरतीविषयी पत्रव्यवहार करता येत नाही, त्यामुळे ते मौन म्हणजे नकार नव्हे. गुणांच्या बाबतीत मात्र गाफील राहू नका. तिथे खेळण्याच्या पात्रतेसाठी नववीपासूनचे १६ मुख्य अभ्यासक्रम पाहिले जातात आणि ‘बोर्डाचे वर्ष तेवढे महत्त्वाचे’ ही आपल्या घरांतली समजूत तिथे महागात पडते.

पैसे घेऊन शेकडो प्रशिक्षकांना एकच मजकूर धाडणारे मध्यस्थ मला मुळीच पटत नाहीत. ईमेल खेळाडूने स्वतः लिहावा, पालकांनीही नाही. स्विंगचा व्हिडिओ समोरून आणि लक्ष्यरेषेच्या मागून घेतलेला, दोन-तीन मिनिटांचा पुरेसा होतो.

नवा रेझ्युमे मी बाराच जणांना पाठवला. ज्यांनी तो प्रश्न विचारला होता, त्या प्रशिक्षकांनी या वेळी माझ्या पुढच्या तीन स्पर्धांच्या तारखा मागितल्या आणि त्यानंतर प्रत्येक स्पर्धा संपली की मी त्यांना स्कोअर, यार्ड आणि रेटिंग दोन ओळींत कळवत राहिले.