लग्नाचे सहाशे फोटो, एक ॲक्शन: सिलेक्शनच्या प्रती काढताना

अल्बमच्या सिलेक्शनसाठी घरच्यांना फोटो पाठवायचे म्हटलं की प्रत्येक फोटोवर तेच ते करावं लागतं. आकार कमी करा, रंग एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगपद्धतीत न्या, किंचित शार्प करा, कोपऱ्यात लोगो टाका, जेपीजी सेव्ह करा. सहाशे फोटोंना हे हाताने करत बसलं तर दिवस जातो. फोटोशॉपमध्ये ॲक्शन, म्हणजे पायऱ्यांची नोंद, एकदा नीट रेकॉर्ड केली की बॅच लावून (सगळ्या फोल्डरवर ती एकदम चालवून) दुसऱ्या कामाला लागता येतं. पण ‘नीट’ हा शब्द महत्त्वाचा. ॲक्शन तुमची कृती आकड्यांसकट जशीच्या तशी लक्षात ठेवते. आडव्या फोटोवर मोजून रेकॉर्ड केलेली ॲक्शन उभ्या फोटोवर फसते ती त्यामुळेच.

म्हणून एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स ॲक्शनमध्ये घालूच नका. सकाळी अंगणातली हळद आणि रात्री रिसेप्शनचे रंगीत एलईडी यांना एक आकडा कधीच चालणार नाही. ते काम लाइटरूम किंवा कॅमेरा रॉमध्ये प्रसंगाप्रमाणे गट करून, एक फोटो दुरुस्त करून आणि बाकीच्यांना सिंक करून उरका. तिथून पूर्ण आकाराच्या जेपीजी काढून ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. शेजारी ‘सिलेक्शन’ आणि ‘चाचणी’ असे दोन रिकामे फोल्डर करा. चाचणीत आठ-दहा फोटोंच्या प्रती टाका: काही आडवे, काही उभे, एखादा बराच क्रॉप केलेला, आणि दोन कॅमेरे असतील तर दोन्हींचे. ॲक्शनचे दोष अशा भेसळीतच उघडे पडतात.

रेकॉर्डिंग

चाचणीतला एक फोटो उघडा. विंडो मेनूतून ॲक्शन्स पॅनेल काढा. विंडोजवर ऑल्ट आणि एफ९ दाबूनही ते येतं. नवीन सेट, त्यात नवीन ॲक्शन, आणि रेकॉर्ड.

पहिलं काम इमेज साइझमध्ये जाऊन ‘रीसॅम्पल’ची खूण काढणं आणि रेझोल्यूशन ३०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) करणं. यात पिक्सेल बदलत नाहीत, त्यामुळे ही पायरी निरुपयोगी वाटते आणि बहुतेक जण गाळतात. मग एका कॅमेऱ्याच्या फोटोंवर लोगो टिकलीएवढा आणि दुसऱ्याच्या फोटोंवर पाटीएवढा येतो. कारण असं, की फोटोशॉप प्लेस केलेली, म्हणजे फोटोवर आणून ठेवलेली, फाइल तिच्या छपाईच्या मापाने बसवतं. ७२ पीपीआयचा ४०० पिक्सेल रुंद लोगो ३०० पीपीआयच्या फोटोत साधारण १,६६७ पिक्सेल होतो. फोटो आणि लोगो दोन्ही ३००वर आणले की ४०० पिक्सेलचा लोगो ४००चाच राहतो. ही पायरी करून झाल्यावर पॅनेलमध्ये तिची ओळ उमटली का ते पाहा. फोटो आधीच ३००चा असेल तर ती न उमटण्याची शक्यता असते. तेव्हा वेगळ्या पीपीआयचा फोटो उघडून रेकॉर्ड करा.

पुढे एडिट मेनूतून ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ आणि एसआरजीबी. खालीवर असलेलं ‘असाइन प्रोफाइल’ चुकून निवडू नका. त्याने फक्त लेबल बदलतं, आकडे तेच राहतात आणि शालूचा रंग भलताच दिसू लागतो.

आकारासाठी पुन्हा इमेज साइझ वापरायचा मोह टाळा. तिथे रुंदी २०४८ दिली तर उभा फोटो आडव्यापेक्षा कितीतरी मोठा निघतो. फाइल, ऑटोमेट, फिट इमेज असं जाऊन दोन्ही चौकटींत २०४८ भरा. फोटो उभा असो की आडवा, त्याची लांब बाजू २०४८ होते. ‘डोन्ट एन्लार्ज’वर खूण केली की जास्त क्रॉप केलेला लहान फोटो ताणला जात नाही. यानंतर अनशार्प मास्क: अमाउंट ७०, रेडियस ०.६, थ्रेशोल्ड २. शार्पनिंग नेहमी आकार कमी केल्यावर.

आता लोगो. फाइल मेनूतून ‘प्लेस एम्बेडेड’ने पारदर्शक पीएनजी आणा, एंटर दाबा. लोगो मधोमध येईल. त्याला माउसने कोपऱ्यात ओढलंत तर ॲक्शन तेवढंच अंतर लक्षात ठेवेल आणि उभ्या फोटोत लोगो चौकटीबाहेर जाईल. त्याऐवजी सिलेक्ट ऑल करा. मग सिलेक्ट मेनूतल्या मॉडिफायमधून कॉन्ट्रॅक्ट, ४० पिक्सेल. तिथे ‘अप्लाय इफेक्ट ॲट कॅनव्हास बाउंड्स’वर खूण हवीच, नाहीतर कडेला असलेलं सिलेक्शन आत सरकत नाही. मग लेयर मेनूतून ‘अलाइन लेयर्स टू सिलेक्शन’: एकदा बॉटम एजेस, एकदा राइट एजेस. शेवटी डीसिलेक्ट. लोगो प्रत्येक फोटोत दोन्ही कडांपासून बरोबर ४० पिक्सेल आत बसतो. या सगळ्यात लेयर पॅनेलमध्ये कुठेही क्लिक करू नका. क्लिक केलं की लेयरचं नाव रेकॉर्ड होतं आणि त्या नावाचा लेयर दुसऱ्या फाइलमध्ये नसला की ॲक्शन अडते.

फ्लॅटन इमेज करा आणि सेव्ह ॲज. फ्लॅटन विसरलात तर नव्या आवृत्त्यांत सेव्ह ॲजच्या यादीत जेपीजी दिसतच नाही. फोल्डर ‘सिलेक्शन’ निवडा, क्वालिटी ८ ठेवा, पण नावाच्या रकान्याला हात लावू नका. तिथे काहीही टाइप केलं, अगदी तेच नाव पुन्हा लिहिलं, तरी ते नाव ॲक्शनमध्ये पक्कं होतं. मग स्टॉप.

बॅच

फाइल, ऑटोमेट, बॅच. सोर्स म्हणून आधी ‘चाचणी’ फोल्डर. ‘ओव्हरराइड ॲक्शन ओपन कमांड्स’ची खूण काढून ठेवा. आपल्या ॲक्शनमध्ये ओपन नाही, त्यामुळे ती खूण असली तर एकही फाइल उघडत नाही. ‘सप्रेस’ने सुरू होणाऱ्या दोन्ही ओळींवर खूण करा, नाहीतर मध्येच एखादी खिडकी उघडून बॅच तुमची वाट पाहत थांबेल.

डेस्टिनेशन फोल्डर ‘सिलेक्शन’, आणि ‘ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स’वर खूण. क्वालिटी ॲक्शनमधली घेतली जाते, फोल्डर आणि नाव बॅचमधलं. नावात ‘डॉक्युमेंट नेम’ आणि एक्स्टेन्शन एवढंच. इथे १, २, ३ असे नवे क्रमांक देऊ नका: घरचे त्याच नंबरांची यादी पाठवतील आणि मूळ फोटो शोधताना तुमचा जीव जाईल. दोन कॅमेऱ्यांचे नंबर सारखे असतील तर ‘मूळ’मध्येच एकाला ए आणि दुसऱ्याला बी जोडून घ्या. नाहीतर एकाच फोल्डरमध्ये सेव्ह होताना एक फोटो दुसऱ्यावर चढतो.

एरर्समध्ये ‘लॉग एरर्स टू फाइल’ निवडा. डीफॉल्ट ठेवलं तर एका बिघडलेल्या फाइलपाशी सगळं थांबतं.

चाचणीत काही बिघडलं तर पॅनेलच्या मेनूतून प्लेबॅक ऑप्शन्समध्ये ‘स्टेप बाय स्टेप’ निवडून ॲक्शन चालवा. घोळ कुठल्या पायरीवर होतोय ते डोळ्यांसमोर दिसतं. त्या पायरीवर डबल क्लिक केलं की आकडा बदलता येतो, सगळी ॲक्शन पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नाही. सगळं ठीक दिसलं की सोर्स ‘मूळ’ करा.

ॲक्शन सेव्ह करून ठेवायची तर पॅनेलमध्ये ॲक्शन नव्हे, तिचा सेट निवडा. एरवी ‘सेव्ह ॲक्शन्स’ फिकट दिसतं. लोगोचा पूर्ण पत्ता ॲक्शनमध्ये नोंदलेला असतो, तेव्हा ती फाइल हलवू नका. दुसऱ्या संगणकावर प्लेसची पायरी नव्याने रेकॉर्ड करावी लागेल.

फोटोशॉप नसेल तर एक्सएनकन्व्हर्ट आहे. घरगुती वापराला फुकट, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात रीसाइझ, शार्पन, वॉटरमार्क अशी यादी लावायची. यादीतला क्रम तोच कामाचा क्रम, म्हणून वॉटरमार्क शेवटी. वॉटरमार्कला कोपरा नेमून देता येतो, त्यामुळे अलाइनची वरची सगळी कसरत वाचते. फक्त सिलेक्शनच्या प्रतीच हव्या असतील तर आमच्या मते हेच बरं.

तयार प्रती व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून जोडा. गॅलरीतून फोटो म्हणून पाठवल्या तर त्या पुन्हा दाबल्या जातात, आणि समूहफोटोतले मागच्या रांगेतले चेहरे ओळखू येत नाहीत.