एलएलबीला बसताना : विषय, नोट्स आणि १ जुलै २०२४ ही तारीख

पदवीनंतरचं तीन वर्षांचं एलएलबी घ्या किंवा बारावीनंतरचं पाच वर्षांचं बीए एलएलबी, कायद्याचे मूळ विषय तेच. पाच वर्षांच्या कोर्सला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे विषय सोबत येतात, एवढाच फरक. बाकी १८७२ चा करार कायदा, टॉर्ट्स (भरपाई मागता येणारी दिवाणी अपकृत्यं), संविधान, कौटुंबिक कायदा, १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, कंपनी, कामगार, पर्यावरण, प्रशासकीय कायदा आणि जुरिस्प्रुडन्स (कायद्याचं तत्त्वज्ञान) दोन्हीकडे आहेत. कुठल्या सत्राला काय, हे विद्यापीठागणिक बदलतं. टॉर्ट्सचा सगळा कायदा एका पुस्तकात बांधलेला नाही, तो निकालांतून शिकावा लागतो. त्यामुळे पहिल्या सत्रात हातात काहीच लागत नाही असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या निकालानंतर धागा सापडतो, टॉर्ट्सची धास्ती घेऊ नका.

धास्ती घ्यायचीच तर फौजदारी विषयांची घ्या. तिथे एक खड्डा आहे आणि हुशार मुलंही त्यात पडतात.

१ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. पुढे सोयीसाठी बीएनएस, बीएनएसएस आणि बीएसए म्हणू. हे सगळ्यांना माहीत असतं. मग सगळे एकच गोष्ट करतात: जुनं कलम-नवं कलम असा तक्ता मोबाइलवर घेतात आणि पाठ करतात. खुनाच्या ३०२ चं १०३, फसवणुकीच्या ४२० चं ३१८, खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चं १०९. सीनिअरच्या २०२३ च्या नोट्स झेरॉक्स करून आकडे तेवढे पेनाने बदलतात. सीनिअर मनापासून मदत करतो, पण त्या नोट्स आता घातक आहेत. फौजदारीच्या नोट्स स्वतः काढायला वेळ नसेल तर नुसतं बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा मूळ मजकूर) वाचून पेपरला जा, ते परवडेल.

तक्ता का फसवतो? पहिलं कारण, आकडे तेच राहतात आणि अर्थ बदलतो. जुन्या प्रक्रिया संहितेचं ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार (न्यायासाठी लागेल तो आदेश देण्याचे). बीएनएसएसचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता. अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत. दंड संहितेचं ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, बीएनएसचं ३०४ म्हणजे हिसकावून केलेली चोरी. नुसतं 'कलम ४८२' लिहिलंत तर तपासणाऱ्याने काय समजायचं? प्रत्येक आकड्यामागे कायद्याचं नाव लिहा, प्रत्येक वेळी.

दुसरं कारण मोठं. कुठला कायदा लावायचा हे गुन्हा कधी घडला त्यावर ठरतं. जून २०२४ मध्ये कुणी गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं असेल, तर त्याच्यावर बीएनएसचं ३०४ लावता येत नाही, आरोपी २०२६ मध्ये सापडला तरीही. तेव्हा हा वेगळा गुन्हा नव्हता. दंड संहितेची चोरी किंवा इजा केली किंवा इजेची भीती घातली असेल तर जबरी चोरी, इथेच थांबावं लागतं. याचं मूळ संविधानाच्या अनुच्छेद २०(१) मध्ये आहे: कृत्य घडलं तेव्हा जो कायदा अमलात होता, त्यानुसारच दोषी ठरवता येतं आणि त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही. संविधानाचा पेपर वेगळा आणि फौजदारीचा वेगळा म्हणून दोन वह्यांत ठेवलंत तर हा दुवा दिसतच नाही.

प्रक्रियेचा हिशोब मात्र निराळा. बीएनएसएसच्या ५३१ व्या कलमानुसार १ जुलैच्या आधी जो तपास, चौकशी, खटला, अपील किंवा अर्ज सुरू होता, तो जुन्या प्रक्रिया संहितेनेच चालतो. आता उदाहरण सोडवून पाहा. फसवणूक २० मे २०२४ ला झाली, पोलिसांत पहिली खबर (एफआयआर) ५ ऑगस्ट २०२४ ला दिली. गुन्हा दंड संहितेच्या ४२० चा. खबर मात्र बीएनएसएसच्या १७३ खाली नोंदली जाईल, कारण १ जुलैला तपास सुरूच नव्हता. पुढे खटला उभा राहिला की पुरावा बीएसएने. एकाच प्रकरणात जुना दंड आणि नवी प्रक्रिया. प्रश्नात तारीख दिली असेल तर ती उगाच दिलेली नसते, उत्तराची सुरुवात तिथूनच करा. तारीख नसेल तर 'घटना १ जुलै २०२४ नंतरची आहे असे गृहीत धरून' एवढं वाक्य लिहा आणि पुढे चला.

तिसरं कारण निकालांचं. वाचायचे बहुतेक निकाल जुन्या कलमांवरचे आहेत. ते टाकाऊ झालेले नाहीत. पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाबद्दल जे सांगितलं, की घरून निघाल्यापासून गोळी झाडेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले आणि तेवढ्यात माणूस भानावर येऊ शकतो, ते खुनाची व्याख्या देणाऱ्या बीएनएस १०१ च्या पहिल्या अपवादालाही लागू पडतं, कारण अपवादाचा गाभा तोच आहे. पण ललिता कुमारी निकाल (२०१३) तसाच्या तसा उतरवू नका. दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा) गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करायचीच, प्राथमिक चौकशी ठरावीक प्रकारांतच, असं तो निकाल सांगतो. बीएनएसएस १७३(३) ने तीन किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीने, १४ दिवसांत प्राथमिक चौकशीची वाट उघडली आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचंही तसंच. जालन्याच्या निवडणुकीतून आलेला अर्जुन पंडितराव खोतकर निकाल (२०२०) जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली अशा पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रावर आहे. बीएसएच्या ६३ मध्ये प्रमाणपत्राचे दोन भाग झाले, त्यातला दुसरा तज्ज्ञाने भरायचा आणि हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे ताडायचा अंकी ठसा) द्यायची.

म्हणून वहीत दोन नव्हे, तीन रकाने आखा: नवं कलम, जुनं कलम, काय बदललं. तिसरा रकाना बेअर अ‍ॅक्ट समोर ठेवूनच भरायचा, आणि परंतुक, स्पष्टीकरण, अपवाद वाचल्याशिवाय 'काही नाही' लिहायचं नाही. दंड संहितेच्या ४९८अ चे (सासरी विवाहितेचा छळ) दोन तुकडे होऊन बीएनएसचे ८५ आणि ८६ झाले, दंड संहितेचं ३०९ गेलं पण सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न बीएनएस २२६ मध्ये राहिला, बीएनएस १०३(२) मध्ये जमावाने केलेली हत्या आली, अशी नोंद तिथे हवी. सुरुवातीला तीस कलमं पुरेत. बीएनएसची साडेतीनशे कलमं बघून पोटात गोळा येतो खरा, पण रोज तीन केलीत तर तीस कलमं दहा दिवसांत होतात. मराठीतून लिहिणाऱ्यांनी भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहाराच्या कोशातले शब्द धरावेत. शून्य करार (मुळातच रद्द) आणि शून्यकरणीय करार (एका पक्षाला रद्द करता येणारा) यांत गल्लत झाली की अख्खं उत्तर कोसळतं.

बाकी थोडक्यात. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे. चार प्रात्यक्षिक पेपर असतात: मसुदालेखन, व्यावसायिक आचार, पर्यायी वादनिवारण आणि मूट कोर्ट (सरावाचा लुटुपुटूचा खटला). मसुद्यांचे १५ आणि दस्तांचे १५ नमुने मागच्या बॅचच्या जर्नलमधून उतरवू नका, तोंडीला पहिला प्रश्न तुमच्याच अर्जातल्या विनंतीच्या परिच्छेदावर येतो. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, पाच वर्षांच्याला २०. मोठ्या फर्मचं पत्र मिळवण्यापेक्षा तालुक्याच्या कोर्टात बसा, हे माझं ठाम मत आहे. वकिलांचा जुना कारकून अर्ध्या तासात रोजनामा (खटल्याच्या तारखेगणिक नोंदी) कसा वाचायचा, दाखल कागदाचा निशाणी क्रमांक कुठे पडतो, 'से' (समोरच्याच्या अर्जावरचं लेखी म्हणणं) दाखल करायची म्हणजे काय, हे दाखवतो. तिथे एकाच दिवसाच्या बोर्डावर २०२३ चा आणि २०२५ चा खटला एकाखाली एक लागलेला असतो. दोन्हींची दोषारोपपत्रं मागून घ्या आणि पहिल्या पानावरची कलमं आपल्या तीन रकान्यांशी ताडून पाहा.